'वॅगन मास्टर'मध्ये घडतं काय?

कुणीतरी म्हटलंय की 'वॅगन मास्टर' (१९५०) हा हॉलीवूडचा सिनेमा संथ आहे, त्यात काहीच घडत नाही, नुसत्या घोडागाड्या चालतात. अहो, त्या चालण्यातच तर सगळी गंमत आहे! मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांचा तांडा सान हुआन नदीच्या खोऱ्याकडे निघालाय आणि वाट दाखवायला घोड्यांचे दोन तरुण व्यापारी. दिग्दर्शक जॉन फोर्डने हा सिनेमा अमेरिकेतल्या युटा राज्यात मोआबच्या आसपास कमी पैशात, कृष्णधवल काढला. जॉन वेनसारखा बडा तारा घेतलाच नाही. प्रमुख भूमिकेतला बेन जॉन्सन तर मुळात घोडे सांभाळायला हॉलीवूडमध्ये आलेला. तो खोगिरावर कसा बसतो तेवढं बघा, अभिनयाची वेगळी पावती नको.

बरं, काहीच घडत नाही म्हणता, तर श्रेयनामावलीच्या आधीचा दरोडा विसरलात का? तो घालणारी क्लेग टोळी पुढे तांड्यातच घुसते, तेव्हा पोटात गोळा येतो. शेवटाकडे टोळीचा म्होरक्या म्हातारा क्लेग बियाण्याची गाडी मुद्दाम अवघड कड्यावरून न्यायला लावतो. ती गेली की वसाहतीची पहिली पेरणीच गेली. इथे सोन्याच्या पेटीपेक्षा बियाणं मोलाचं, आणि मला हे फार खरं वाटतं.

नावाहो या मूळ अमेरिकन लोकांसोबतचा रात्रीचा नाचही चुकवू नका. गाणी मात्र जरा जास्तच झालीत, तेवढं मान्य.

मॉर्मन म्होरक्याच्या भूमिकेतला वॉर्ड बाँड आवडला असेल तर १९५७ पासूनची 'वॅगन ट्रेन' ही टीव्ही मालिकाही बघा. तिथेही सुरुवातीच्या भागांत तांड्याचा म्होरक्या तोच आहे.