वसाहतीतील इतिहास-साहित्याच्या कार्यक्रमांना नवे श्रोते कसे मिळवावेत?

इंदिरानगरकर

नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगर भागातील काही सोसायट्यांतील वाचकांनी मिळून आम्ही इतिहास, भाषा आणि साहित्य या विषयांवर दरमहा एक व्याख्यान ठेवतो. वक्ते अभ्यासू असतात, प्रवेश विनामूल्य असतो, चहाही असतो. तरीही समोर तेच निवृत्त आणि बहुतांशी पुरुष श्रोते बसलेले दिसतात. शेजारच्या इमारतीतील तरुण कुटुंबे आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे रहिवासी फिरकत नाहीत. गणेशोत्सवात मात्र हीच माणसे उत्साहाने येतात, त्यामुळे त्यांना कार्यक्रमांचा कंटाळा आहे असे म्हणता येत नाही. आमच्या सदस्यांत दुसरा एक मतभेद आहे. दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहासारखे विषय वसाहतीच्या व्यासपीठावर घेऊ नयेत, त्याने वातावरण बिघडते, असे काहींना वाटते. ज्यांनी नाशिकमध्ये असे उपक्रम चालवले आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठचा श्रोता

व्याख्यान हा प्रकारच कालबाह्य झाला असा निष्कर्ष घाईने काढू नये. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि आपल्याकडे मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेला अनेक पिढ्यांनी हजेरी लावली आहे. तिथे जाण्यासाठी निमंत्रणपत्रिका लागत नाही, कारण महिना, जागा आणि संध्याकाळची वेळ घरोघरी ठाऊक असते. शिवाय जागा उघडी असल्याने भाजी घेऊन परतणारा माणूसही दहा मिनिटे उभा राहून ऐकू शकतो आणि कंटाळला तर कोणाचाही अवमान न करता निघून जाऊ शकतो. सोसायटीच्या बंद सभागृहात ही मोकळीक नसते. दार ढकलून आत येणाऱ्याला शेवटपर्यंत बसावे लागेल या धास्तीनेच अर्धे लोक बाहेर राहतात. त्यामुळे आधी कार्यक्रम बागेत किंवा मंदिराच्या ओट्यावर आणावा. शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक आणि मग प्रमुख पाहुण्यांचे मनोगत या क्रमात वक्त्याला माईक मिळेपर्यंत लहान मुलांची झोपेची वेळ होते. हे सगळे पाच मिनिटांत आटोपावे, वक्त्याने पाऊण तास बोलावे आणि उरलेला वेळ श्रोत्यांना द्यावा.

काळाराम सत्याग्रहाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षे नेटाने चालवलेला तो लढा या शहराच्या रस्त्यांवर घडला आहे, आणि 13 ऑक्टोबर 1935 ची धर्मांतराची घोषणाही आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात झाली. नाशिकच्या इतिहासावर वर्षभर बोलायचे आणि हे प्रकरण वगळायचे, हे मला पटत नाही. वातावरण बिघडण्याची भीती असेल तर भाषणाऐवजी त्या काळातील वृत्तपत्रांचे आणि पत्रव्यवहाराचे जाहीर वाचन ठेवावे. कागद वाचला जात असताना आवाज चढवण्याचे कारण उरत नाही.

लेणीप्रेमी शिक्षक

माझा अनुभव थोडा निराळा आहे. श्रोत्याला स्वतःच्या जाणकारीने काही उलगडता आले, तर तो पुढच्या वेळी आणखी दोघांना घेऊन येतो. तुमच्या वसाहतीपासून पांडवलेणी जवळ आहेत. त्या 24 लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले, आणि मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट घातली. त्यांपैकी 2000 दरमहा शेकडा एक दराने, तर 1000 दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज 240 होते आणि लेखात वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण देण्याची तरतूद आहे. हिशेब तंतोतंत जुळतो.

एका सहलीत मी हे आकडे सांगून उत्तर मुद्दाम सांगितले नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी तिथेच तोंडी हिशेब केला आणि एका लेखापाल तरुणीने दोन ठेवींचे दर वेगळे का असावेत यावर वाद उभा केला: दुसरी श्रेणी अधिक भरवशाची होती, की तिला मोठ्या रकमेची गरजच नव्हती? लेखातून याचे उत्तर मिळत नाही, पण त्या वादामुळे लेण्यात तासभर कोणीही मोबाईल पाहिला नाही. गोवर्धन हे नाव गंगापूर रस्त्याकडील गावाच्या रूपाने आजही नांदते आहे, हे कळल्यावर तर पुढची सहल मंडळींनी आपणहून ठरवली. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख, ज्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा गौरव केला आहे, हा असाच विषय आहे. तो मात्र स्वतंत्र दिवशी घ्यावा. पायऱ्यांची चढण ज्येष्ठांना अवघड जाते, म्हणून त्यांच्यासाठी पायथ्याशी छायाचित्रांसह वेगळी बैठक ठेवावी. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने ध्वनिक्षेपक नेण्याचा किंवा औपचारिक कार्यक्रम घेण्याचा विचार असेल तर परवानगी आधी घ्यावी.

सिडकोची लेक

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु दोन्हींमध्ये विषय निवडणारे तुम्हीच आहात आणि शेजारी फक्त यायचे आहेत. आमच्या सिडकोत खान्देशातून आलेली असंख्य कुटुंबे आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खान्देशी लोकदेवतेची स्थापना होते, रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर अहिराणी गाणी म्हटली जातात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन होते. ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत अशा बायका तुमच्या व्याख्यानाला येत नाहीत, कारण तिथे त्यांना ऐकण्याखेरीज काम नाही. त्यांना वक्त्या म्हणून बोलवा. एखाद्या अभ्यासकाला शेजारी बसवायचे असेल तर जरूर बसवा, मात्र त्याने प्रश्न विचारावेत, निरूपण करू नये. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी त्यांची संमती घ्यावी आणि त्याची प्रत त्यांच्या घरी पोहोचवावी. ‘संशोधनासाठी’ म्हणून रेकॉर्ड करून नेलेली गाणी पुन्हा कधी ऐकायला मिळत नाहीत, ही आमच्याकडची जुनी तक्रार आहे. मानधनही द्यावे. प्राध्यापकांना पाकीट आणि गाणाऱ्या मावशींना गुलाबाचे फूल, हा भेद लोकांच्या लक्षात येतो. पाळीच्या कामगारांसाठी रविवारी सकाळची वेळ बरी, कारण संध्याकाळी निम्मे कामावर असतात.

ग्रंथालयातला एक

थोडक्यात दोन सूचना. सार्वजनिक वाचनालय ही 1840 पासूनची संस्था आपल्या शहरात आहे. तिथल्या जुन्या संग्रहातून वाचनासाठी मजकूर मिळू शकतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत वाचकांच्या गटांकडे पुस्तकांच्या पेट्या फिरत राहतात, तीही चौकशी करावी. उघड्यावर कार्यक्रम घेताना रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हे ध्यानात ठेवून गाण्यांचा कार्यक्रम लवकर सुरू करावा.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सदस्यांशी बोलून असे ठरले आहे की पुढील कार्यक्रम रविवारी सकाळी बागेत होईल, सत्कार वगळले जातील आणि दहाव्या लेण्यातील लेखाची सहल थंडीत काढली जाईल. सत्याग्रहाच्या कागदपत्रांचे वाचन 2 मार्चच्या आसपास ठेवण्यास विरोध करणाऱ्या दोघांपैकी एकाने होकार दिला आहे. दुसरे सदस्य कागद आधी पाहू इच्छितात, आणि ते योग्यच आहे. ‘सिडकोची लेक’ यांना विनंती, की कानबाईची गाणी म्हणणाऱ्या आपल्या परिचयातील भगिनींना आमच्यातर्फे विचारावे. मानधन वक्त्यांना देतो तेवढेच असेल. बागेत बोलवावे की त्यांच्याच गल्लीत आम्ही यावे, हे त्यांनी ठरवावे.

सिडकोची लेक

विचारते. बहुधा त्या तुम्हालाच इकडे बोलावतील, आणि येताना घरच्या स्त्रियांना आणा असेही सांगतील.