मुलीला सांभाळणाऱ्या ताईंचा पगार, कर आणि आजारपणातील रजा : मालक म्हणून आमची जबाबदारी कोणती?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. माझा लहानसा दंतचिकित्सेचा दवाखाना आहे आणि यजमान गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. आमच्या अकरा महिन्यांच्या मुलीला सांभाळण्यासाठी गेल्या दिवाळीपासून आंबेवाडीहून एक ताई सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत येतात. त्यांचे वय ३५ आहे. महिन्याला १३,००० रुपये आम्ही रोख देतो. लेखी काहीच ठरलेले नाही.

गेल्या महिन्यात त्यांना डेंग्यू झाला आणि त्या अकरा दिवस येऊ शकल्या नाहीत. खाडे कापायचेच असतात, असे शेजारून सांगण्यात आले. मला ते पटले नाही, म्हणून मी पगार पूर्ण दिला. पण तो देणे कायद्याने माझ्यावर बंधनकारक होते की तो केवळ माझ्या मर्जीचा भाग होता, हे मला अजून समजलेले नाही. त्यांच्या पगारातून कर कापावा लागतो का, आणि ताई घरी आहेत म्हणूनच मला दवाखाना चालवता येतो, तर हा पगार दवाखान्याच्या खर्चात दाखवता येईल का, हेही विचारायचे आहे. पगार बँकेत जमा करू, असे मी सुचवले, तेव्हा लाडक्या बहिणीचे दीड हजार बंद होतील या भीतीने त्यांनी नकार दिला.

उत्तर १ (करसल्लागार, शाहूपुरी)

आधी कराचे पाहू, कारण तो भाग सोपा आहे. प्राप्तिकर कायद्यात पगारातून कर कापण्याचे कर्तव्य केवळ कंपन्यांवर नाही, तर पगार देणाऱ्या प्रत्येकावर आहे, त्यामुळे आपला प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र ज्याला पगार दिला जातो त्याच्यावर कर बसत असेल तरच कपातीचा प्रसंग येतो. ताईंचे वर्षाचे १,५६,००० रुपये होतात आणि दिवाळीला एक पगार जादा दिला तरी आकडा १,६९,००० वर थांबतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. त्यामुळे कपात करायची नाही, आणि कपात नाही म्हणून कर कापणाऱ्याला घ्यावा लागणारा टॅन क्रमांक घेण्याचीही गरज नाही. राज्याच्या व्यवसाय करातूनही महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना सूट आहे.

दवाखान्याच्या खर्चाबाबतचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मुलीचा सांभाळ हा आपला खासगी खर्च आहे आणि खासगी खर्च व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. ताईंना कागदोपत्री दवाखान्याची मदतनीस दाखवावे, असा सल्ला कोणी देईल. तो कृपया मानू नका. ती खोटी नोंद ठरेल, आणि चौकशी झाली तर त्रास ताईंनाही होईल.

लाडक्या बहिणीच्या भीतीबद्दल त्यांना शांतपणे समजावून सांगा. त्या योजनेची अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची आहे आणि मर्यादा अडीच लाखांची आहे; पैसे रोख मिळाले की खात्यात जमा झाले, याने त्यात काही फरक पडत नाही. त्यांच्या पतीची मिळकत धरून आकडा मर्यादेच्या आत राहतो का, हे मात्र त्यांनी स्वतः प्रामाणिकपणे पाहावे. खात्यावर नियमित पगार जमा होत असेल, तर उद्या घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना त्यांच्या हातात पुरावा राहतो.

उत्तर २ (कामगार विभागातून निवृत्त)

कारखान्यातल्या कामगाराला कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण असते. पात्र कामगार आजारी पडला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत त्याला पगाराच्या ७० टक्के रक्कम विम्यातून मिळते. हा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि भविष्य निर्वाह निधीसाठी तर ही संख्या वीस आहे. एका घरात काम करणारी एक बाई या दोन्हींच्या बाहेर राहते. त्यामुळे आजारपणातील पगार देण्याची सक्ती आपल्यावर नव्हती. घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारला सांगितले आहे, आणि माझ्या मते ही गोष्ट फार उशिरा होत आहे.

सक्ती नसली तरी रजा आधीच ठरवून ती लिहून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. १३,००० रुपये २६ दिवसांनी भागले की दिवसाचे ५०० रुपये होतात. वर्षाला बारा दिवस आजारपणाची पगारी रजा दिली तर ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ५०० रुपयांचा भार पडतो. तेवढे आपण दरमहा बाजूला ठेवू शकता. आजार लांबला तर पुढचा एक महिना अर्धा पगार द्यावा. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. खाडा कापला जाणार असेल, तर अंगात ताप असतानाही बाई कामावर येतात आणि दिवसभर तान्ह्या मुलीला कडेवर घेतात. पगारी रजेचा लाभ आपल्या मुलीलाही आहे.

आंबेवाडीचा उल्लेख वाचून पुराची आठवण झाली. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने ते गाव वेढले गेले होते. अशा दिवसांचा पगार कापला जाणार नाही, हेही कागदावर वेगळे लिहा, आणि ते दिवस आजारपणाच्या रजेत धरू नका.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी कोल्हापुरातील सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी. ताई आपल्याकडे काम करतात, असे प्रमाणपत्र आपण सही करून द्यावे. अनेक घरमालक येथेच कचरतात आणि नोंदणी अडून राहते. नोंदणी झाल्यावर तिचे नूतनीकरण वेळच्या वेळी व्हायला हवे, कारण वयाची ५५ वर्षे पूर्ण झाल्यावर मिळणारे १०,००० रुपयांचे सन्मानधन नोंदीत कामगारांसाठीच आहे.

शक्य असेल तर २० रुपये वार्षिक हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा यांचे हप्ते आपणच भरा. श्रमयोगी मानधन योजनेत ३५ व्या वर्षी महिन्याला १५० रुपये भरावे लागतात, तेवढेच सरकार घालते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. तिला चाळिशीची वयोमर्यादा आहे, म्हणून हे काम लांबवू नये.

उत्तर ३ (कसबा बावडा)

माझ्या आईने ताराबाई पार्कातल्या एका घरी चौदा वर्षे मुले सांभाळली. तिला कावीळ झाली तेव्हा तिचे उपचार सीपीआर या सरकारी रुग्णालयात झाले आणि ती पाच आठवडे घरी होती. त्या घराने एक पैसाही कापला नाही, परंतु ती रक्कम उचल म्हणून वहीत लिहून ठेवली आणि पुढे वर्षभर पगारातून थोडी थोडी वळती केली. मदत झाली, असे आई म्हणत राहिली. आम्हा मुलांना मात्र ते कर्ज होते हे दिसत होते. म्हणून आपणास विनंती आहे की रजेचा पगार आणि उचल या दोन गोष्टी कागदावर स्वतंत्र लिहाव्यात, आणि तो कागद ताईंना मोठ्याने वाचून दाखवून त्याची एक प्रत त्यांच्याकडे द्यावी.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून एका पानाचा मसुदा केला : बारा दिवस आजारपणाची पगारी रजा, त्यानंतर एक महिना अर्धा पगार, पुराचे दिवस वेगळे आणि उचलीचा हिशेब स्वतंत्र. मंडळासाठी लागणारे प्रमाणपत्रही लिहून ठेवले आहे. ताईंनी मसुदा ऐकून घेतला आणि एकच दुरुस्ती सुचवली : त्यांचा मुलगा आजारी पडला तर त्या दिवसांचेही यात लिहावे. ते आमच्या लक्षातच आले नव्हते. बारा दिवसांची रजा आम्ही पंधरा दिवसांची केली आहे, आणि ती स्वतःच्या किंवा मुलाच्या, कोणत्याही आजारपणासाठी घेता येईल, असे लिहिले आहे. पगार बँकेत घेण्याबाबत त्या पतीशी बोलून सोमवारी सांगणार आहेत.