मदत हवी आहे: विंडोज टाकताना नवी एसएसडी दिसतच नाही (११व्या पिढीचा आय५ लॅपटॉप)

नमस्कार मंडळी,

घरच्या लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी (डेटा साठवायचा ड्राइव्ह) बसवली आहे आणि तिच्यावर विंडोज ११ नव्याने टाकायचं आहे. पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू होतो, भाषा आणि कीबोर्ड निवडून होतो, आणि विंडोज कुठे टाकायचं हे विचारणाऱ्या पडद्यावर यादी रिकामी येते. एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर (हार्डवेअरशी विंडोजचं बोलणं घडवणारं छोटं सॉफ्टवेअर) लोड करा, असं खाली लिहिलेलं असतं. तिथेच गाडी अडली आहे.

लॅपटॉप २०२१ मध्ये घेतलेला. प्रोसेसर इंटेल आय५-११३५जी७, रॅम ८ जीबी. जुनी २५६ जीबीची एसएसडी कुरकुर करायला लागली होती, म्हणून डेटा वेळेत बाहेर काढला आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) आणली. जुन्या एसएसडीवर विंडोज शेवटपर्यंत चालत होतं.

आतापर्यंत तपासलेलं सांगते, म्हणजे तेच तेच सुचवण्यात तुमचा वेळ जाणार नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नवी एसएसडी नावासकट दिसते. काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि मामेभावाच्या डेस्कटॉपला लावली, तर तिथेही व्यवस्थित चालते. पेन ड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्याच टूलने बनवला आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर डाउनलोड केला, पेन ड्राइव्हवर ठेवला आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवला. सेटअप म्हणतो, इथे ड्रायव्हर नाही. ईएक्सई फाइल तर त्याच फोल्डरमध्ये आहे!

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने उघडून बघितलं न बघितलं आणि सांगितलं, स्लॉट गेलाय, मदरबोर्ड बदलावा लागेल. मला हे अजिबात पटलेलं नाही. स्लॉट गेला असता तर बायोसला तरी एसएसडी कशी दिसली असती?

घाईचं कारण असं की बाबा आमच्या भागातल्या छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितात आणि टॅली याच लॅपटॉपवर आहे. २० तारखेच्या आत सगळ्यांचे जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायचे असतात. बाबांच्या हातून उशीर होऊन कुणा दुकानदाराला लेट फी बसलेली नाही, आणि ती या महिन्यात लॅपटॉपपायी बसू नये असं मनापासून वाटतं. बोर्डाचा खर्च खरंच करावा लागेल का, की हा निव्वळ ड्रायव्हरचा प्रश्न आहे? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, बोर्डाला हातही लावू देऊ नका. स्लॉटबद्दल तुम्ही काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे.

११व्या पिढीपासून इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर कंपनीकडूनच चालू करून येतो. एनव्हीएमई एसएसडी त्याच्या मागे बसलेली असते. सेटअपला समोर दिसतो तो फक्त व्हीएमडी, आणि त्याच्याशी बोलायचा ड्रायव्हर तुमच्या पेन ड्राइव्हवरच्या विंडोजमध्ये नाही. म्हणून यादी रिकामी. बायोसकडे स्वतःची सोय असते, त्यामुळे तिथे एसएसडी दिसते. जुन्या विंडोजमध्ये हा ड्रायव्हर कारखान्यातूनच घातलेला होता, म्हणून इतकी वर्षं तुम्हाला त्याचं नावही ऐकावं लागलं नाही.

आता ईएक्सईचं. 'लोड ड्रायव्हर'ला ईएक्सई चालत नाही, त्याला आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा ते सांगणारी) आणि तिच्या सोबतच्या फाइली सुट्या लागतात. इंटेलच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचं '११ ते १३ पिढी' असं लिहिलेलं पॅकेज घ्या. सगळ्यात नवं दिसतंय म्हणून २० क्रमांकाची आवृत्ती उचलू नका, ती १२व्या पिढीपासून पुढची आहे. मामेभावाच्या डेस्कटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या सेटअप फाइलच्या नावापुढे एक जागा सोडा, वजाचं चिन्ह द्या, त्याला चिकटून 'एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' इंग्रजीत सलग लिहा, परत जागा सोडून रिकाम्या फोल्डरचा पत्ता द्या. फाइली सुट्या होतील. त्यातला व्हीएमडीचा फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका आणि सेटअपमध्ये तोच दाखवा. यादीत व्हीएमडी कंट्रोलरची ओळ येईल. तुमच्या प्रोसेसरसाठी तिचा डिव्हाइस क्रमांक ९ए०बी असतो. ती निवडून पुढे गेलात की एसएसडी दिसेल.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होतं आणि एकच एसएसडी असलेल्या घरगुती लॅपटॉपचं त्यात काही नुकसान नाही. तरी मी ड्रायव्हरचाच रस्ता सुचवेन. उद्या बायोस अपडेट करताना किंवा रीसेट होऊन ते सेटिंग उलटं झालं, तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होत नाही, आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. एक जोड: या पिढीचा टचपॅड सीरियल आयओच्या (टचपॅड जोडणाऱ्या इंटेलच्या भागाच्या) ड्रायव्हरवर चालतो, तोही कोऱ्या विंडोजमध्ये असेलच असं नाही. यूएसबी माउस हाताशी ठेवा. वायफायचा ड्रायव्हरही आत्ताच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.

धागाकर्ती

एसएसडी दिसली!! ओळ निवडली आणि काही सेकंदांत यादीत ५१२ जीबी आली. मनापासून आभार. विंडोज टाकून झालं.

पुढची अडचण लगेच उभी आहे. टचपॅड बंद आहे (माउस होता म्हणून निभावलं) आणि इंटरनेटला जोडा म्हणणाऱ्या पडद्यावर वायफायची नावंच येत नाहीत. लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलखाली वायफायचे तीन ड्रायव्हर आहेत: इंटेल, रिअलटेक आणि मीडियाटेक. माझ्यात कुठलं कार्ड आहे ते पाठीमागच्या स्टिकरवरून कळत नाही. तिन्ही टाकून बघू का?

प्रतिसाद ३

इतकं खोलात कशाला जायचं? ड्रायव्हर शोधून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, एक टाकलं की सगळं आपोआप बसतं.

प्रतिसाद १

कृपा करून हे करू नका. असलं सॉफ्टवेअर ड्रायव्हरच्या जोडीने टूलबार, दुसरा अँटिव्हायरस आणि पैसे मागणाऱ्या खिडक्या आणतं. ज्या लॅपटॉपवर लोकांचे हिशेब आणि जीएसटीचे पासवर्ड आहेत, त्यावर तर नकोच नको.

तिन्ही टाकायचीही गरज नाही. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे लॅपटॉपला लगेच नेट मिळतं. फोन घरच्या वायफायवरच ठेवलात तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. आयफोनला त्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून अँड्रॉइडच घ्या.

डेस्कटॉप आला की स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह असलेल्या 'नेटवर्क कंट्रोलर'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. पहिल्याच टॅबवर कोड २८ असेल, म्हणजे ड्रायव्हर बसलेला नाही, हार्डवेअर बिघडलेलं नाही. मग डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी बघा. 'व्हेन' (VEN, म्हणजे बनवणारी कंपनी) याच्यापुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक, १४सी३ असेल तर मीडियाटेक. त्या एकाच कंपनीचा ड्रायव्हर टाका. स्टिकर खोटं बोलू शकतो, हा आकडा नाही.

त्याआधी विंडोज अपडेटमधले ऑप्शनल अपडेट बघून घ्या. ड्रायव्हर अपडेटची वेगळी यादी तिथे असते आणि निम्मं काम तिथेच होतं.

धागाकर्ती

टेदरिंग चाललं. वायफायचा आकडा १०ईसी निघाला, म्हणजे रिअलटेक. त्याचा ड्रायव्हर साइटवरून घेतला आणि घरचं वायफाय दिसायला लागलं. ऑप्शनल अपडेटमधून सीरियल आयओ आला आणि रीस्टार्टनंतर टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकायला लागलं. आवाज सर्वांत शेवटी आला. आधी इंटेल स्मार्ट साउंड (आवाजासाठीचा इंटेलचा ड्रायव्हर) बसावं लागलं, त्यानंतरच ऑडिओच्या ड्रायव्हरने स्पीकर ओळखले. टॅली टाकून बाबांचा बॅकअपही रिस्टोर झाला आणि सगळ्या कंपन्या उघडतायत.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये आता एकच पिवळं चिन्ह उरलं आहे: 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर'. सगळं चालतंय, तर हे तसंच सोडलं तर चालेल का?

प्रतिसाद १

छान झालं! ते इंटेल मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधला एक अंतर्गत भाग) आहे. नावावरून मोडेमसारखं काहीतरी वाटतं, पण तसं काही नाही. कंपनीच्या साइटवर चिपसेटच्या यादीत मॅनेजमेंट इंजिन नावाने ड्रायव्हर असेल, तो टाका. सोडलं तरी बाबांचं काम अडणार नाही, पण काही लॅपटॉपना झोपेतून उठताना किंवा बंद होताना त्यामुळे त्रास होतो, तेव्हा बसवूनच टाका.

ते चिन्ह गेलं की सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. त्यावर 'ड्रायव्हर' नावाचा फोल्डर आधी बनवा. टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडा. 'पीएनपीयूटिल' लिहा, जागा सोडा, तिरकी रेघ देऊन 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर' लिहा, जागा सोडून फुलीसारखी चांदणी द्या आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता. विंडोजसोबत न आलेले, नंतर बसवलेले सगळे ड्रायव्हर तिथे सुट्या आयएनएफ फाइलींच्या रूपात उतरतील, व्हीएमडीसकट. पुढे कधी विंडोज परत टाकायची वेळ आली तर 'लोड ड्रायव्हर'ला थेट त्यातलाच व्हीएमडीचा फोल्डर दाखवा.