५० टक्के शिष्यवृत्ती, पण ५० टक्के कशाचे?

जलपरीची_आई
मुलगी अकरावीत आहे, २०० यार्ड बटरफ्लाय पोहते. आम्ही न्यू जर्सीत. गेल्या मंगळवारी एका डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळांची सर्वात वरची पातळी) कॉलेजच्या कोचचा फोन आला, "फिफ्टी पर्सेंट देऊ." लेक नाचायला लागली, नवऱ्याने लगेच पुण्याला आजीला फोन लावून "निम्मी फी माफ" असं कळवूनही टाकलं.

मी दुसऱ्या दिवशी मेल करून विचारलं, निम्मं कशाचं? तर फक्त ट्यूशनचं! ट्यूशन ५२ हजार डॉलर. राहणं, जेवण, पुस्तकं, विमा धरून वर्षाचा खर्च ७८ हजार. म्हणजे ते देणार २६, आम्ही ५२.

त्याच आठवड्यात एका डिव्हिजन थ्री (तिसऱ्या पातळीच्या) कॉलेजच्या कोचने प्री-रीड करून दिलं. म्हणजे तिचे मार्क बघून प्रवेशाचा आणि पैशांचा अंदाज ऑफिसकडून आधीच आणून दिला. तिथे खेळासाठी एक पैसा देत नाहीत, तसा नियमच आहे. पण मार्कांवर ३८ हजार. खर्च ८२, आम्ही भरायचे ४४.

माझं मत, डिव्हिजन वनला नम्रपणे नाही म्हणावं. घरात मी एकटी पडले आहे. बोला.

बापू_ओहायो
ताई, हिशोब बरोबर, निष्कर्ष चूक. पोहण्यात पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते. २०२५ पर्यंत मुलींच्या अख्ख्या संघाला १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि कोच त्या पंचवीस-तीस जणींत वाटायचे. जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस खटल्यातली (कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलची) तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत आता शिष्यवृत्त्यांवर मर्यादा नाही, फक्त संघात ३० जणींपेक्षा जास्त घेता येत नाहीत. मग वाढवून मागायला काय हरकत आहे? पहिला आकडा ऐकून कोणी भाजीसुद्धा घेत नाही.

शंकासुर
मर्यादा गेली म्हणून पैसे आले असं होत नाही, बापू. त्याच तडजोडीमुळे कॉलेजं खेळाडूंना वर्षाला साधारण २ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. त्यातला मोठा घास फुटबॉल आणि बास्केटबॉलचा. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने पोहण्याचा संघच बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारणांत याच तडजोडीचं नाव होतं.

आणि ताई, फोनवरची ऑफर म्हणजे बोलाचीच कढी. ती तुम्हालाही बांधील नाही, कोचलाही नाही. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडू आणि कॉलेज दोघांना बांधणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झालं. आता आर्थिक मदतीच्या करारावर सही होते, तीही बारावीच्या नोव्हेंबरात. तोवर कोच बदलू शकतो.

पहाटे_पावणेपाच
कोच बदलतो, अनुभव आहे. आमच्या मुलाला (टेनिस) ४० टक्के होते. कागदावर मुदत एक वर्ष. आम्ही ती ओळ वाचली होती, पण जुना कोच म्हणाला होता, "रिन्यू होतंच." मे महिन्यात तो गेला. नव्या कोचने ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) दोन मोठी पोरं आणली. दुसऱ्या वर्षी मुलाच्या वाट्याला १५ टक्के. भांडायला जागाच नव्हती, कागद त्यांच्या बाजूने होता. करारात पैसे किती यापेक्षा किती वर्षांचे, आणि पोरीने स्वतःहून संघ सोडला तर त्यांचं काय, हे आधी बघा.

बापू_ओहायो
हे मान्य. तरी डिव्हिजन थ्री म्हणजे हौसेचा मामला हो. चार वर्षं पहाटे उठून पोरीने केलं कशासाठी?

केनियनचा_शेजारी
हौसेचा मामला? ओहायोत राहून असं बोलता? तुमच्याच राज्यातल्या केनियन कॉलेजच्या मुलांनी १९८० ते २०१० सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीचं पोहण्याचं विजेतेपद जिंकलं. तलावात उतरून बघा एकदा.

व्हिसा_काका
सगळे टक्क्यांत अडकलेत. ताई, मुलगी एच-४ (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणारा व्हिसा) वर आहे का? असेल तर फाफसा अर्ज भरून मिळणारी सरकारी मदत मिळत नाही, कॉलेजची शिष्यवृत्ती मात्र चालते. २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, म्हणजे बहुतेक तिसऱ्या वर्षात एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागेल. आणि शंकासुर म्हणाले ते कॉलेजचं थेट वाटपाचं मानधन किंवा जाहिरातीचे पैसे ही या व्हिसांवर अडचणीची ठरणारी कमाई धरली जाऊ शकते. शिष्यवृत्ती वेगळी. तिथे वकिलाला विचारल्याशिवाय सही नको.

जलपरीची_आई
हो काका, एच-४च. हे डोक्यातच नव्हतं, आभार.

बापू, तुमचं ऐकून काल कोचला मेल केली. तीन प्रश्न: टक्का वाढेल का, एक वर्ष की चार, खांदा दुखावला तर काय. (तिचा उजवा खांदा सध्याच कुरकुरतोय, रात्री मटारची गोठलेली पिशवी लावून अभ्यासाला बसते.) पहिल्याला उत्तर, "दुसऱ्या वर्षी वेळ सुधारली तर बघू." तिसऱ्याला, करार चालू असताना दुखापतीमुळे पैसे कापता येत नाहीत. दुसऱ्या प्रश्नावर फक्त एवढंच, "लेट्स हॉप ऑन अ कॉल."

शंकासुर
घ्या! ज्याचं उत्तर लेखी हवं, तेच फोनवर.

बापू_ओहायो
फोन घ्या, ताई. संपल्यावर पाच मिनिटांत "आपलं असं ठरलं" म्हणून मेल टाका आणि उत्तर येतंय का बघा.

जलपरीची_आई
गुरुवारी संध्याकाळी सहाला आहे. नवऱ्याला सांगितलंय, तोवर आजीला फोन नाही.