‘बावळट’ नेमकं कुणाला म्हणायचं?

पार्कचौक: सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याच्या रांगेत चार पोरं माकडचेष्टा करत रील काढत होती. मागून एक मावशी म्हणाल्या, “काय बावळट पोरं आहेत!” मला हा शब्द तिथे चुकीचा वाटतो. मुद्दाम चाळे करणारा तो वात्रट, आचरट. बावळट म्हणजे ज्याला पोच नाही, चारचौघांत कसं वागावं ते सुधरत नाही असा माणूस. ‘वेष असावा बावळा’ या म्हणीतही गबाळेपणाच आहे, आगाऊपणा नाही. मूळ शब्द संस्कृत ‘वातुल’, वाताने डोकं फिरलेला. प्राकृतात ‘वाउल’, पुढे बावळा. वात झालेला माणूस मुद्दाम बडबडत नसतो.

कडकभाकरी: नाही पटलं. मूळ सापडलं म्हणून आजचा अर्थ त्याला बांधील होत नाही. “बावळटपणा बास बे!” हे आपल्याकडे मुद्दाम दात काढणाऱ्यालाच म्हणतात. मावशींचं बरोबर होतं.

नवीपेठ: मला व्युत्पत्तीतच गोम दिसते. सुरुवातीचा ‘व’ मराठीत सहसा टिकतो. हिंदीत बीस, बाघ, बिच्छू. आपल्याकडे वीस, वाघ, विंचू. मग ‘वातुल’चा मराठीत ‘वावळा’ व्हायला हवा होता. ‘ब’ आला म्हणजे शब्द उत्तरेकडून, ‘बावला’वरून आला असणार.

पार्कचौक: मग ‘ळ’ कुठून आला? हिंदीत तो नाही.

नवीपेठ: राजस्थानीत ‘बावळो’, हरियाणवीत ‘बावळा’ आहे की. आणि उसना शब्द आपल्या वळणावर जायला वेळ लागत नाही. तिकडे बंगालच्या ‘बाउल’ गायकांच्या नावाबद्दलही वाद आहे: काही जण ‘वातुल’ म्हणतात, काही ‘व्याकुल’. त्यामुळे ‘वातुल’ इतक्या ठामपणे सांगू नये.

अक्कलकोटरोड: आमच्या गल्लीत तेलुगूत ‘पिच्ची’, कन्नडमध्ये ‘हुच्चु’. दोन्हींचा अर्थ वेड. आणि दोन्ही शब्द शहाण्यासुरत्या माणसाच्या खुळचटपणालाही सर्रास लावतात. शेजारी बोलतात तसं मराठीतही चालायचंच.

कडकभाकरी: शिवाय शेवटचा ‘ट’ पाहा. पोरकट हे पोराला म्हणत नाहीत, पोरासारखं वागणाऱ्या मोठ्याला म्हणतात. मळकट म्हणजे मळल्यासारखं. तसंच बावळट म्हणजे बावळ्यासारखं करणारा, स्वतः बावळा असो वा नसो. सोंग करणाऱ्याला हा शब्द चपखल बसतो.

पार्कचौक: ‘ट’चा मुद्दा वजनदार आहे, पण ‘पोरकट’ एवढं एकच उदाहरण तुमच्या बाजूने आहे. ‘वेडपट’ आपण सोंग घेणाऱ्याला म्हणतो का? आणि ‘बावळट ध्यान’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोण येतं? शर्टाची बटणं वरखाली लावून, तोंड उघडं टाकून उभा असलेला. कॅमेऱ्यात केस नीट करून मग उड्या मारणारा तर नाहीच.