मदत हवी आहे: नवी मुलं शाळेत रुळावीत म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी. मी आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवते. यंदा माझ्या वर्गात चार मुलं परदेशातून थेट आयबी डिप्लोमाला, म्हणजे अकरावी-बारावीच्या पातळीच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला, आली आहेत. दोन वर्षांत सहा विषय, शिवाय 4000 शब्दांपर्यंतचा निबंध. पण अभ्यासाचं मी बघून घेईन. जीव तुटतो तो मधल्या सुट्टीत. एक मुलगी रोज ग्रंथालयाच्या दाराशी एकटीच उभी असते, हातात घड्या पडून मऊ झालेलं वेळापत्रक. प्रत्येकाला सोबती दिला होता, पण आठवड्याभरात जोड्या सुटल्या. सोबती एकच द्यावा की दोघं-तिघं? मातृभाषा बोलणारा असावा का? त्याने इंग्रजी मागे पडेल, असं सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.