मुलं आणि सासूबाईंना घेऊन सोलापुरात तळ्याकाठी एक दिवस: कुठं जावं?

नवी सोलापूरकर
नमस्कार. ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही नाशिकहून इथं आलोय. तिकडं रविवारची संध्याकाळ गोदाघाटावर जायची, त्यामुळं मुलं सारखी विचारतात, "इथं पाणी कुठंय?" धाकटी चार वर्षांची, थोरला नऊचा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार चढवत नाहीत. या रविवारी डबा घेऊन दिवसभर बाहेर पडायचंय. शेजाऱ्यांनी सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव आणि हिप्परगा अशी तीन नावं सांगितली. तिन्ही एका दिवसात होतील का?

पक्षीवेडा
हिप्परगा सोडू नका! कागदोपत्री एकरुख तलाव. आदिला नदीवरचं हे मातीचं धरण १८७१ सालचं आहे. थंडीत बाहेरगावचे पक्षी उतरतात. भल्या सकाळी दुर्बीण घेऊन जा.

निवृत्त बाई
ताई, तिन्ही एका दिवशी करू नका. मी प्राथमिक शाळेत शिकवलं. पोरांची रांग धरून किल्ला नि तळं दाखवण्यात माझी हयात गेली, म्हणून हक्कानं सांगते.

हिप्परगा गावाबाहेर तुळजापूर रस्त्याला. पाणी मोठं नि खोल. चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिथं तुमचा जीव सगळा वेळ टांगणीला लागेल. ते थंडीत, फक्त थोरल्याला घेऊन करा.

तुमच्यासाठी किल्ला, हुतात्मा बाग आणि सिद्धेश्वर तलाव. तिन्ही एकमेकांना लागून आहेत, रिक्षा बदलावी लागत नाही. आणि दिवसभर बाहेर राहायचा हट्ट सोडा. सोलापूरचं ऊन नाशिकसारखं नाही, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. सकाळी लवकर निघा, दुपारी घरी येऊन झोपा, ऊन कललं की पुन्हा जा. आम्ही पिढ्यानपिढ्या असंच फिरतो.

सकाळी सासूबाईंना बागेत सावलीत बसवा, कुणीतरी मोठं माणूस सोबत ठेवा. बाग किल्ल्याच्या कडेनंच आहे. तुम्ही मुलांना घेऊन आत जा. थोरल्याला खंदक दाखवा, तटाची दुहेरी रांग दाखवा. डोंगर नाही, तरी किल्ला कसा, हे त्यालाच विचारा; भुईकोट म्हणजे काय ते त्याचं तोच सांगेल. तळ्याच्या बाजूच्या तटावरून पाण्यातलं सिद्धेश्वराचं मंदिर दिसतं, तिथं मुलं हमखास गप्प होतात. धाकटीचा हात मात्र सोडू नका, सगळीकडे कठडा नाही.

संध्याकाळी देवळात. मंदिराच्या भोवती पाणी आहे, दर्शन नि तळं दोन्ही होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून हे तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली, असं आम्ही मुलांना सांगतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा याच तळ्याशेजारी, संमती कट्ट्यावर होतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा मुलांना होम मैदानावर आणाच.

एक कळकळीची विनंती. मुलं माशांना खायला घालू म्हणतील. बिस्किटं, फरसाण, हारफुलं काही पाण्यात पडू देऊ नका. ते सडतं, पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि आधी मासे मरतात. मेलेले मासे काठाला लागलेले मी पाहिलेत. माझ्या वर्गातली पोरं त्या दिवशी रडली होती.

विजापूर रोडकर
आमच्या संभाजी तलावाला (आम्ही कंबर तलावच म्हणतो) वेगळी संध्याकाळ द्या. जवळच स्मृती उद्यान आहे, झाडी चांगली. पण निघण्याआधी इकडच्या कुणाला तरी विचारा. जलपर्णी माजली की पाणीच दिसत नाही, मुलं हिरमुसतात.

निवृत्त बाई
अगदी बरोबर. आणि नवी ताई, जाता-येता चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी रिक्षा थांबवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. नऊ वर्षांचं पोर हे समजू शकतं. चौघांची नावं त्याच्याकडून म्हणून घ्या.

नवी सोलापूरकर
बाई, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या आत्ताच तयार झाल्यात! डब्यात काय नेऊ? पोळीभाजी उन्हात टिकेल का?

निवृत्त बाई
भाजी नको. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्या, उन्हानं काही होत नाही. मुलांना भाकरी चावली नाही तर धपाटे करा, सोबत दही. संध्याकाळी काही चटपटीत हवं असेल तर पार्क चौपाटी जवळच आहे. पाण्याच्या बाटल्या भरपूर घ्या, आणि सासूबाईंसाठी घडीची खुर्ची. बागेतल्या बाकावरून उठताना गुडघ्याला फार त्रास होतो, माझे पण दुखतात.